अठ्ठावीसपर्यंत

कुताइसीत पहाटे चारला भट्टी पेटवते मी.
गॅस आलाय केव्हाच, तरी पहिला जाळ
द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काटक्यांचा.
तमाझीला तो धूर आवडायचा.
आवडायचा, म्हणाले बघा.
माणूस जिवंत आहे, घरी आहे,
खिडकीपाशी बसून
मोजा हातात घालायचा की पायात, ते ठरवतोय.

फेब्रुवारीच्या अकरापर्यंत
हिशेबाच्या वहीत त्याचं अक्षर,
उजवीकडे कललेलं, बस चुकणार असल्यासारखं.
बाराचं पान कोरं.
तेरापासून माझं अक्षर.

पीठवाला वाझा फोन करतो: तमाझीला दे.
आंघोळीला गेलाय, मी सांगते.
पाच आठवडे झाले, आंघोळच चालली आहे.
वाझा बरं म्हणतो.
बारा पोती येतात, जुन्याच भावानं.

बँकेचा हप्ता सतराला.
सतरा तारखेला कुणाच्या मेंदूतली रक्तवाहिनी दिसत नाही.

एका मंगळवारी पिठात मीठ दोनदा पडलं.
साठ शोती, नावेसारख्या टोकदार, खरपूस,
आणि तोंडात घालवेनात.
गोचानं एक मोडली, चावली, गिळली,
म्हणाला, चीज अळणी घेतलं तर खपून जाईल.
मिठाला जागणं म्हणतात ते हेच असावं.
मी हसले. पुढचं जे येऊ घातलं होतं
ते घेऊन भट्टीत वाकले.
कंबरेपर्यंत आत जावं लागतं, पाव भिंतीला चिकटवायला.
तिथल्या धगीत डोळ्यातलं पाणी
गालापर्यंत पोचतच नाही.
दिवसातून दोनशे वेळा वाकते मी.
सोय आहे ती, कुणाला सांगितलेली नाही.

नणंद म्हणते, लामारा, तू म्हणजे दगड.
दगडाला कुणी कणकेसारखं तिंबतं का?
मी तर रोज तिंबली जाते,
रात्री ओल्या फडक्याखाली पडून राहते,
सकाळी थोडी फुगलेली असते. कधी नसतेही.
नसते त्या दिवशीसुद्धा
सात वाजता शाळेची पोरं नाणी घेऊन उभी.

त्याचे शब्द पडलेत कुठेतरी घरंगळून.
पावाला चावी म्हणतो. चावीला काहीच नाही.
मला म्हणतो सोमवार.
पहिल्यांदा लागलं ते. मग लक्षात आलं,
सोमवारी दुकान बंद असतं आमचं,
बाजारातून मासा आणायचो, उशिरापर्यंत लोळायचो.
नाव वाईट नाही.

परवा नणंद आजारी, म्हणून त्याला दुकानात आणलं,
पिठाच्या पोत्यावर बसवलं, डावा हात मांडीवर ठेवून दिला.
गोचा आकडीनं पाव काढू लागला
आणि मागून आवाज आला:
एर्ती. ओरी. सामी.
स्वच्छ. न अडखळता.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आकडे कधीकधी उरतात.
उरतात म्हणजे असे, हे नव्हतं सांगितलं.
गोचाचा हात थांबला. मी म्हटलं, काढ, थांबू नकोस.
अठ्ठावीसला तो गप्प झाला.
भट्टीत अठ्ठावीसच मावतात.
पुढचा घाणा निघाला, पुन्हा एर्ती.

संध्याकाळी मी वाझाला फोन केला.
म्हटलं, आंघोळ नाही. झटका आलाय त्याला,
बोलता येत नाही, मोजता येतं.
वाझा म्हणाला, दुसऱ्या आठवड्यापासून ठाऊक आहे मला.
भावावरून भांडण न करता
तमाझीच्या दुकानातून पीठ मागवतं का कुणी?
मग म्हणाला, मार्चपासून नवा भाव लागेल हं.
लागू दे, म्हटलं. आणि भांडले.
दर पोत्यामागे दीड लारी कमी करून घेतली,
घसा बसेपर्यंत. किती दिवसांनी
बरं वाटलं.

उद्या सतरा. दोनशे दहा लारी कमी पडताहेत.
गोचा म्हणतो त्याचा पगार शुक्रवारी चालेल.
मी नाही म्हटलं, मग हो म्हटलं.
नदीकडून गार वारा सुटलाय.
काटक्या बाहेरच राहिल्यात,
भिजायच्या आत
आत आणायला हव्यात.